‘आमचे आम्ही बघतो’ : ब्रिटनमधील अल्पसंख्य समाज आणि स्मृतिभ्रंशाची शुश्रूषा

ब्रिटनमध्ये स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी असलेल्या सेवांपर्यंत दक्षिण आशियाई, आफ्रिकन आणि कॅरिबियन वंशाची कुटुंबे इतक्या उशिरा का पोहोचतात, असे विचारले की दोन्ही बाजूंनी जवळजवळ एकच उत्तर ऐकू येते. सेवा देणारे म्हणतात, ‘त्यांच्यात घरचीच माणसे सांभाळतात.’ घरची माणसे म्हणतात, ‘आमचे आम्ही बघतो.’ पहिल्या वाक्यात कौतुक असते, दुसऱ्यात अभिमान असतो, आणि या दोहोंच्या मधे बसलेल्या आजारी माणसाला निदान, औषध, भत्ता, दिवसभराचा आधार यांपैकी काहीच वेळेवर मिळत नाही. हे का घडते, आणि कायद्याने व व्यवस्थेने जे देऊ केले आहे ते कसे मागायचे, हे या लेखात सांगायचे आहे. ब्रिटनमध्ये राहणारे मराठी वाचक आणि ज्यांचे आईवडील किंवा भावंडे तिथे म्हातारी होत आहेत असे इथले वाचक, दोघेही डोळ्यांसमोर आहेत.

स्मृतिभ्रंश, म्हणजेच डिमेन्शिया, हे एका रोगाचे नाव नाही. मेंदूच्या पेशी हळूहळू आणि कायमच्या निकामी करणाऱ्या अनेक रोगांतून जी लक्षणे दिसतात, त्यांना मिळून हे नाव दिलेले आहे. त्यांपैकी सर्वांत जास्त आढळणारा रोग अल्झायमरचा. अलोइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी त्याचे पहिले वर्णन १९०६ मध्ये केले, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार स्मृतिभ्रंशाच्या १०० पैकी ६० ते ७० रुग्णांमध्ये तोच कारणीभूत असतो. त्याखालोखाल मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे नुकसान झाल्याने होणारा स्मृतिभ्रंश येतो, ज्याचा उच्च रक्तदाब, मधुमेह आणि पक्षाघात यांच्याशी थेट संबंध आहे. वयाबरोबर येणारा विसरभोळेपणा वेगळा. चहा करायला उठलेल्या बाई दूध फ्रिजमध्येच विसरल्या तर त्यात काळजीचे काही नाही. पन्नास वर्षे रोज चहा केलेल्या हातांना आधी पाणी ठेवायचे की आधी साखर टाकायची, हा क्रमच लागेनासा झाला तर डॉक्टरांकडे जायला हवे. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, मेमँटिन अशी औषधे काही रुग्णांची लक्षणे काही काळ सौम्य ठेवतात, रोग मात्र थांबवत नाहीत. तरीही निदान लवकर होण्याला फार मोठी किंमत आहे, कारण स्वतःच्या पुढच्या आयुष्याबद्दल स्वतः निर्णय घेण्याची ताकद आजारी माणसात अजून शिल्लक असते ती तेव्हाच.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ पासून, कॅरिबियन बेटांवरून लोक ब्रिटनमध्ये आले. पुढच्या दोन दशकांत भारत, पाकिस्तान आणि नंतरचा बांगलादेश इथून आले. १९७२ मध्ये युगांडातून हाकलले गेलेले भारतीय वंशाचे लोक आले. गिरण्यांत, ओतशाळांत, बसगाड्यांवर, रुग्णालयांत राबलेली ही पिढी आता सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहे. ब्रिटिश संसदेतील सर्वपक्षीय गटाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात इंग्लंड व वेल्समधील अल्पसंख्य समाजांत स्मृतिभ्रंशाचे सुमारे २५,००० रुग्ण असल्याचा अंदाज होता, आणि २०५१ पर्यंत हा आकडा १,७२,००० च्या वर जाईल असे म्हटले होते. म्हणजे चाळीस वर्षांत जवळजवळ सातपट. संपूर्ण ब्रिटनच्या लोकसंख्येत याच काळात अपेक्षित वाढ दुपटीहून थोडीच जास्त आहे.

पुढे २०२२ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी आरोग्यसेवेच्या नोंदी तपासल्या, तेव्हा गोऱ्या लोकांच्या तुलनेत कृष्णवर्णीय लोकांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण २२ टक्क्यांनी जास्त आढळले. दक्षिण आशियाई लोकांमध्ये ते कमी आढळले. यावर समाधान मानू नये असे मला वाटते. नोंद होते ती निदान झालेल्याची, आणि जिथे निदानाला नेलेच जात नाही तिथे नोंद कमी होणार हे उघड आहे. त्याच अभ्यासात असेही दिसले की स्मृतिभ्रंश झालेले दक्षिण आशियाई आणि कृष्णवर्णीय रुग्ण गोऱ्या रुग्णांपेक्षा सरासरीने सुमारे तीन वर्षे लहान वयात दगावतात. दक्षिण आशियाई लोकांना मधुमेह लवकर आणि जास्त प्रमाणात होतो, हे ब्रिटिश आरोग्ययंत्रणेने इतके मान्य केले आहे की स्थूलपणाची त्यांच्यासाठीची मर्यादाच खाली आणलेली आहे. हे इथे सांगण्याचे कारण असे की, ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये टाळता किंवा कमी करता येण्याजोगी १४ कारणे मोजली, त्यांत मधुमेह, रक्तदाब, कमी शिक्षण, बहिरेपण आणि एकटेपणा ही सगळी आहेत, आणि ती सर्व दूर करता आली तर ४५ टक्क्यांपर्यंत रुग्ण टाळता किंवा लांबवता येतील असा त्यांचा हिशेब आहे.

नाव नसलेला आजार

उशीर होतो तो आधी भाषेत. पंजाबी, उर्दू, बंगाली, गुजराती बोलणाऱ्या घरांत या आजाराला रोजच्या वापरातला असा शब्द नाही, की जो उच्चारल्यावर ‘हा मेंदूचा रोग आहे’ एवढाच अर्थ निघेल. आपल्याकडे ‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द आहे, पण तो छापील आहे. घरात तो कोणी बोलत नाही. घरात बोलतात ते म्हातारचळ, भ्रमिष्ट, डोके फिरले, आणि ‘साठी बुद्धी नाठी’. यांतला पहिला शब्द चेष्टेचा, मधले दोन वेडाचे, आणि म्हण सांगते की हे असे व्हायचेच. ज्याला वेडाचे नाव आहे ते लपवले जाते, आणि जे व्हायचेच आहे त्यासाठी डॉक्टरांकडे कोणी जात नाही. शिवाय घरात लग्नाची मुलगी असेल, तर आजोबांचे वागणे बाहेर कळू नये अशी धडपड असते. काही घरांत हा मागच्या कर्माचा भोग मानतात, काही घरांत करणी झाली असे म्हणतात, काही घरांत ती देवाने घेतलेली परीक्षा ठरते. या समजुतींवर मला रागावता येत नाही, कारण माणूस डोळ्यांदेखत हरवत चालला असताना घराला काहीतरी अर्थ लावावाच लागतो. परंतु मंदिरात, गुरुद्वारात किंवा मशिदीत जाऊन आल्यावर त्याच आठवड्यात जीपीकडेही, म्हणजे आपल्या भागातल्या नेहमीच्या डॉक्टरांकडेही, जायला हरकत नाही, हे सांगणारे कोणीतरी जवळ असावे लागते.

असे सांगणारे जिथे उभे राहिले तिथे फरक पडला. ब्रॅडफर्डमध्ये ‘मेरी यादें’ या नावाने दक्षिण आशियाई कुटुंबांसाठी काम सुरू झाले, त्याचे वैशिष्ट्य नावापासूनच दिसते: आजाराचे नाव पाटीवर न लिहिता, आठवणींबद्दल, आणि लोकांच्या स्वतःच्या भाषेत बोलायला सुरुवात. पत्रके भाषांतरित करून दवाखान्याच्या टेबलावर ठेवण्याने हे साधत नाही, कारण मातृभाषा बोलणाऱ्या कित्येक वृद्धांना, विशेषतः स्त्रियांना, ती वाचता येत नाही. त्यांच्यापर्यंत आवाज पोहोचतो, चित्रफीत पोहोचते, ओळखीचा माणूस पोहोचतो.

प्रश्नपत्रिका कोणाच्या मापाची

घरच्यांनी धीर करून जीपीला सांगितले, त्यांनी रक्ततपासणी करून मेमरी क्लिनिकला, म्हणजे स्मरणशक्ती तपासणाऱ्या दवाखान्याला, चिठ्ठी दिली, तारीख मिळाली, तरी पुढे आणखी एक अडथळा उभा असतो, आणि तो फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. तो आहे चाचणीचाच. स्मरणशक्तीची सर्वांत प्रसिद्ध चाचणी १९७५ मध्ये अमेरिकेत तयार झाली. तीस गुणांच्या त्या चाचणीत आजची तारीख, ऋतू आणि परगणा विचारतात, शंभरातून सात-सात वजा करायला किंवा पाच अक्षरी इंग्रजी शब्दाचे स्पेलिंग उलट सांगायला लावतात, एक इंग्रजी वाक्प्रचार जसाच्या तसा म्हणायला लावतात, आणि कागदावर एक पूर्ण वाक्य लिहायला सांगतात. शाळेची पायरी न चढलेल्या, पण सहा मुलांचा संसार आणि शिवणकामाचा हिशेब आयुष्यभर तोंडी ठेवलेल्या बाईंना यांतले कितीतरी गुण आजार नसतानाही मिळणार नाहीत. उलटही होते: उत्तम शिकलेला, अस्खलित इंग्रजी बोलणारा गृहस्थ आजार बराच पुढे गेलेला असूनही उत्तीर्ण होतो. चुकीच्या मापाने एकाला नसलेला रोग चिकटतो आणि दुसऱ्याचा असलेला रोग निसटतो.

यावर उपाय नाही असे नाही. ऑस्ट्रेलियात सिडनी इथे स्थलांतरितांसोबत काम करणाऱ्या डॉक्टरांनी दुभाष्यामार्फत कोणत्याही भाषेत घेता येईल अशी एक चाचणी तयार केली आणि ती २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. रूडास या नावाने ती ओळखली जाते. तीही तीस गुणांचीच आहे आणि २२ किंवा त्याहून कमी गुण मिळाल्यास पुढे तपास करावा असे मानतात. पण तिच्यातल्या प्रश्नांची जात वेगळी आहे. सुरुवातीला रुग्णाला म्हणतात, आपण दुकानात जाणार आहोत, चार वस्तू आणायच्या आहेत: चहा, खाण्याचे तेल, अंडी, साबण. यादी पक्की होईपर्यंत परत परत म्हणून घेतात. मग ‘तुमचा उजवा पाय दाखवा’, ‘माझा डावा गुडघा कोणता’ असे विचारतात. एका हाताची मूठ आणि दुसऱ्याचा तळवा आलटून पालटून ठेवायला लावतात. घनाचे चित्र पाहून काढायला सांगतात. नंतर विचारतात, रहदारीच्या रस्त्याच्या कडेला तुम्ही उभे आहात, सिग्नल नाही, झेब्रा पट्टे नाहीत, तर पलीकडे कसे जाल? एवढे झाल्यावर दुकानाची यादी पुन्हा विचारतात, आणि शेवटी एका मिनिटात जितकी प्राण्यांची नावे येतील तितकी सांगायला लावतात. यात घनाचे चित्र सोडले तर शाळेचा वास फारसा कुठे येत नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियातील किम्बर्ली भागात तिथल्या मूळनिवासी वृद्धांसाठीही अशीच वेगळी चाचणी बनवली गेली. चाचणी माणसाच्या मापाने शिवता येते हे यातून सिद्ध झालेले आहे. प्रश्न राहतो तो आपल्या क्लिनिकमध्ये ती वापरतात का, हे विचारण्याचा. तो प्रश्न कुटुंबाने विचारावा. त्यात उद्धटपणा नाही.

मुलगा दुभाषी झाला की

आता तपासणीच्या खोलीत काय घडते ते जवळून पाहू. डॉक्टर इंग्रजीत विचारतात, ‘अलीकडे घरातले व्यवहार कसे चालले आहेत?’ मधे मुलगा बसलेला आहे. तो आईकडे वळून विचारतो, ‘आई, सगळे ठीक आहे ना?’ आई म्हणते, ‘मला काय झालंय? तुझे बाबा अजून आले नाहीत, तेवढी काळजी आहे.’ वडिलांना जाऊन नऊ वर्षे झालेली आहेत. मुलाचा चेहरा क्षणभर उतरतो आणि तो डॉक्टरांना सांगतो, ‘त्या म्हणतात, ठीक आहे, थोडी काळजी वाटते.’ जे एक वाक्य निदानासाठी सर्वांत मोलाचे होते, ते खोलीतच विरून जाते. मुलाने खोटे बोलायचे ठरवलेले नव्हते. आईची लाज राखणे हे त्याच्या अंगात भिनलेले आहे. चाचणीच्या वेळीही तसेच होते: घरचा माणूस नकळत खुणा देतो, अर्धे उत्तर पुरे करतो, बोलण्यातली विसंगती दुरुस्त करून पुढे पोहोचवतो. शेजाऱ्यांना किंवा ओळखीच्या माणसाला आणले तर वेगळीच भीती असते, की उद्या सगळ्यांना कळेल.

म्हणून इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेचे, म्हणजे एनएचएसचे, मार्गदर्शनच असे आहे की दुभाषी व्यावसायिक असावा, त्याचा खर्च रुग्णावर पडू नये, आणि घरच्या माणसांना, विशेषतः लहान मुलांना, हे काम लावू नये. दुभाषी मागणे हा कोणावर भार टाकणे नव्हे. तारीख घेताना तीन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात: कोणती भाषा, तिची कोणती बोली, आणि स्त्री दुभाषी हवी की पुरुष. लघवीवरचा ताबा सुटल्याबद्दल सत्तर वर्षांच्या बाई परक्या तरुणासमोर बोलणार नाहीत. आणि आणखी एक गोष्ट सहज निसटते: वेळ दुप्पट लागतो, तेव्हा भेटही दुप्पट वेळेची मागून घ्यावी. घरच्यांनी खोलीत असावे, पण स्वतःच्या भूमिकेत. गेल्या सहा महिन्यांत काय काय बदलले हे तारखांसह लिहून नेले आणि वेगळे बोलायला वेळ मागितला, तर आईच्या समोर तिच्या चुका सांगण्याचा प्रसंगही टळतो.

इंग्रजी आधी जाते

निदान झाल्यावर अनेक कुटुंबांना जो बदल सर्वांत जास्त हादरवतो, तो भाषेचा असतो. मोठेपणी शिकलेली भाषा या आजारात बहुधा आधी विस्कटते आणि बालपणीची टिकून राहते, कारण अलीकडचे आधी पुसले जाते आणि जुने, खोल रुजलेले उशिरापर्यंत राहते. चाळीस वर्षे इंग्रजीत नोकरी केलेला माणूस एक दिवस नर्सला उत्तर देतो ते सिल्हेटीत (बांगलादेशातल्या सिल्हेट भागाच्या बोलीत) किंवा पंजाबीत. नातवंडांना ती भाषा येत नाही. ज्या आजोबांनी त्यांना इंग्रजीत गोष्टी सांगितल्या, त्यांच्याशी बोलायला आता त्यांच्याकडे शब्द नाहीत. रुग्णालयात किंवा केअर होममध्ये याच माणसाच्या नावापुढे ‘चिडचिड करतात, सहकार्य करत नाहीत’ अशी नोंद होते, आणि कित्येकदा तो फक्त पाणी मागत असतो.

वागण्याच्या ज्या गोष्टींना आजाराचे लक्षण समजले जाते, त्यांतल्या काही तर आयुष्यभराच्या सवयी असतात. आंघोळीच्या वेळी परक्या पुरुषाचा हात लागताच ओरडणाऱ्या वृद्धेला आक्रमक ठरवण्याआधी विचार करायला हवा. टबात बसण्याला नकार देऊन वाहत्या पाण्याने आंघोळ मागणारे आजोबा, डाव्या हाताने भरवलेला घास तोंडात न घेणाऱ्या आजी, दाढीला कात्री लागताच कळवळणारे शीख गृहस्थ, यांच्यापैकी कोणीही ‘अवघड रुग्ण’ नाही. आत काय चालले आहे हे सांगण्याची भाषा हरवल्यावर शरीर जे सांगते ते ऐकून घेणारे कोणी नसते, एवढेच. यासाठी एक साधा कागद फार उपयोगी पडतो. त्याला ‘जीवनकथा’ म्हणतात: हाक कोणत्या नावाने मारावी, कोणती भाषा, काय खातात आणि काय वर्ज्य, प्रार्थनेची वेळ, आवडीची गाणी, आयुष्यात काय काम केले, कशाने घाबरतात, कशाने शांत होतात. दोन पानांपेक्षा मोठा करू नये, कारण रात्रपाळीच्या माणसाला तो पाच मिनिटांत वाचता यायला हवा. हा कागद निदानानंतर लगेच, स्वतः रुग्णाशी गप्पा मारत लिहिलेला सर्वांत चांगला होतो.

राष्ट्रीय आरोग्य व शुश्रूषा संस्थेच्या, म्हणजे नाइसच्या, २०१८ च्या मार्गदर्शनानुसार निदान झालेल्या प्रत्येक रुग्णाची जबाबदारी आरोग्य किंवा समाजसेवेतील एका नेमलेल्या व्यक्तीकडे असायला हवी. ती व्यक्ती कोण, हे नाव क्लिनिकमधून बाहेर पडण्यापूर्वी विचारून घ्यावे. अनेक भागांत ‘अॅडमिरल नर्स’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, स्मृतिभ्रंशाचे खास प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिका असतात आणि त्या मुख्यतः कुटुंबाला आधार देतात. त्यांची दूरध्वनीवरची सेवाही आहे.

कायदा आणि पैसा

इथून पुढचे इंग्लंडपुरते समजावे. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडचे नियम काही बाबतींत वेगळे आहेत. उदाहरणार्थ, स्कॉटलंडमध्ये वृद्धांना वैयक्तिक शुश्रूषा २००२ पासून विनामूल्य आहे आणि निदानानंतर वर्षभराच्या आधाराची हमी आहे.

पहिली गोष्ट मुखत्यारपत्राची. ‘मी मोठा मुलगा आहे, मी सही करीन’ हे ब्रिटिश कायद्यात चालत नाही. पती किंवा पत्नीलाही आपोआप अधिकार मिळत नाही. २००५ च्या मानसिक क्षमता कायद्यानुसार माणसाने स्वतः, समज शाबूत असताना, विश्वासातल्या व्यक्तीच्या नावे ‘लास्टिंग पॉवर ऑफ अॅटर्नी’ करून ठेवावे लागते. त्याचे दोन प्रकार आहेत, एक पैसा व मालमत्तेसाठी आणि दुसरा आरोग्य व राहणीसाठी, आणि दोन्ही नोंदवून घ्यावे लागतात. समज गेल्यावर हा रस्ता बंद होतो आणि न्यायालयाचा लांब, महाग रस्ता उरतो. लवकर निदानाचा मुद्दा इथे पैशांत मोजता येतो. याच कायद्यात असेही म्हटले आहे की माणसाला निर्णय घेता यावा म्हणून शक्य ती सर्व मदत दिल्याशिवाय तो अक्षम आहे असे धरू नये. ज्याची इंग्रजी आजाराने गेली आहे त्याची क्षमता इंग्रजीत तपासली असेल, तर कुटुंबाने या तरतुदीवर बोट ठेवावे. २०१० चा समता कायदाही सार्वजनिक संस्थांना बजावतो की सेवा आखताना वंश आणि धर्म यांचा विचार झालाच पाहिजे. ‘आम्ही सगळ्यांना सारखेच वागवतो’ एवढ्याने ते कर्तव्य पुरे होत नाही.

दुसरी गोष्ट भत्त्यांची. पेन्शनचे वय उलटलेल्या आणि आजारामुळे दुसऱ्याच्या मदतीची गरज लागणाऱ्या माणसाला ‘अटेंडन्स अलाउन्स’ मिळू शकतो. तो मिळताना उत्पन्न किंवा बचत पाहत नाहीत, आणि घरचेच सांभाळतात म्हणून तो नाकारलाही जात नाही. प्रश्न मदत कोण करते हा नसतो, मदत लागते का हा असतो. अर्ज भरताना आपली माणसे चांगल्या दिवसाचे वर्णन लिहितात. लिहायचे ते वाईट दिवसाचे, रात्रीसकट. आठवड्याला किमान ३५ तास सांभाळणाऱ्याला ‘केअरर्स अलाउन्स’चा अर्ज करता येतो, मात्र कमाईची मर्यादा आहे आणि स्वतः सरकारी पेन्शन घेणाऱ्यांच्या हातात तो सहसा पडत नाही. डॉक्टरांच्या दाखल्यावर आणि विशिष्ट भत्ता मिळत असल्यास कौन्सिल टॅक्समध्येही, म्हणजे स्थानिक प्रशासनाच्या (कौन्सिलच्या) घरपट्टीसारख्या करातही, सवलत मिळू शकते.

तिसरी गोष्ट कौन्सिलकडून मिळणाऱ्या शुश्रूषेची. २०१४ च्या केअर कायद्यानुसार रुग्णाच्या गरजांची पाहणी करणे हे कौन्सिलचे कर्तव्य आहे आणि पाहणीसाठी पैसे पडत नाहीत. त्यानंतर खर्च कोणी करायचा हे बचतीवरून ठरते: २३,२५० पौंडांपेक्षा जास्त असल्यास स्वतः, त्याखाली असल्यास कौन्सिलचा काही वाटा. शुश्रूषा घरीच मिळत असेल तर राहते घर या हिशेबात धरत नाहीत, आणि माणूस केअर होममध्ये गेला तरी पती किंवा पत्नी त्या घरात राहत असेल तर धरत नाहीत. ‘कौन्सिलला बोलावले तर घर जाईल’ या भीतीने पाहणीच न करवून घेणारी कुटुंबे पुष्कळ आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगितले. कौन्सिल ठरवते ती रक्कम थेट आपल्या हातात घेऊन आपल्या पसंतीचा मदतनीस नेमण्याचीही सोय आहे. आईची भाषा बोलणारी, तिच्या पद्धतीने भाजी-भाकरी करणारी बाई रोज चार तास येऊ शकते, आणि कागदोपत्री तिचा पगार कौन्सिलच्या पैशातून होतो. त्याच घरात राहणाऱ्या जवळच्या नातेवाइकाला मात्र या पैशातून नेमण्यावर एरवी बंधन आहे.

‘आम्ही’ म्हणजे कोण

आता पुन्हा त्या वाक्याकडे. ‘आमचे आम्ही बघतो’ यातले ‘आम्ही’ हे बहुतेक घरांत एकवचन असते. ती सून असते, नाहीतर लग्न न झालेली किंवा जवळच राहणारी मुलगी, नाहीतर स्वतः सत्तरीतली, गुडघे दुखणारी बायको. तिने सांभाळणे हे काम मानलेच जात नाही, ते नात्यातच धरलेले असते, आणि म्हणून ‘तुम्ही केअरर आहात का?’ असे विचारल्यावर ती प्रामाणिकपणे ‘नाही, मी सून आहे’ असे सांगते. फॉर्मवर ‘नाही’ची खूण होते आणि फाइल मिटते. दाराबाहेरच्यांना मोठे एकत्र कुटुंब दिसते. प्रत्यक्षात घर तीन खोल्यांचे असते, दीर दुसऱ्या शहरात असतात, नवरा रात्रपाळीला जातो, आणि सासूबाई पहाटे तीन वाजता अंगात कोट घालून गावी निघालेल्या असतात.

केअर कायद्याने या व्यक्तीला स्वतःच्या नावाने पाहणी मागण्याचा हक्क दिला आहे. ती किती तास देते, तिला पैसे मिळतात की नाही, रुग्णाने स्वतःची पाहणी करून घेतली आहे की नाही, यांपैकी कशावरही तो अवलंबून नाही. त्या पाहणीतून आठवड्यातले काही तास सुटका, रुग्णासाठी दिवसाचे केंद्र, काही दिवसांची बदली व्यवस्था, किंवा नुसते तिच्यासारख्याच इतर स्त्रियांचा गट, असे काहीही निघू शकते. पण ते निघते बोलण्यावरून, आणि ही बाई पाहुण्यासमोर घराचे उणे काढत नाही. मी ज्यांना हे समजावत असतो त्यांना सांगतो की आधी आठवडाभर एक वही ठेवा. रात्री किती वेळा उठावे लागले, कोणती जेवणे उभ्याने झाली, स्वतःच्या डॉक्टरची कोणती तारीख चुकवली, कधी आवाज चढला आणि नंतर रडू आले. पाहणीला आलेल्या अधिकाऱ्याच्या हातात ती वही द्यावी. दुभाषी लागत असेल तर तो इथेही मागावा, आणि बोलणे सासरच्या माणसांच्या गैरहजेरीत व्हावे असे आधीच सांगून ठेवावे; तसे सांगण्याची तिला मुभा आहे.

आणि जे पाहणीला जातात, त्यांच्यासाठीही एक विनंती आहे. चहा झाल्यावर ‘आमचे आम्ही बघतो’ हे वाक्य ऐकू येईल. त्यावर कागद मिटू नये. ‘काल रात्री कोण उठले होते?’ एवढे विचारावे आणि त्या घरातली कोण व्यक्ती मान खाली घालते ते पाहावे.